भांड्यावरचे नाव

तुमच्या घरात एखादे जुने पितळी भांडे असेल, तर त्याचा काठ नीट पाहा. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली काही अक्षरे तेथे दिसतील. ते कोणाच्या विवाहात मिळाले, कोणी दिले आणि कोणत्या साली, हे त्या चार शब्दांत सामावलेले असते. भांड्यांवर नाव घालण्याची ही चाल आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती केवळ हौस नव्हे.

मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. आमच्या शहराचे नाव त्या काळी औरंगाबाद होते. आज ते छत्रपती संभाजीनगर आहे. गुलमंडीजवळच्या आमच्या गल्लीत एका रात्री दोन घरे फुटली. आमचा हंडा गेला आणि शेजारी एकट्या राहणाऱ्या काकूंची घागर गेली. दोन महिन्यांनी एका मोडवाल्याकडे बरीच भांडी सापडली. ती ठाण्याच्या ओसरीवर मांडली होती. आजीने हंड्यावरील आजोबांच्या नावावर बोट ठेवले. नोंद झाली आणि न्यायालयाच्या आदेशानंतर हंडा घरी आला.

काकूही एका घागरीजवळ बसल्या. "हीच माझी. तळाला पोचा आहे, बघा ना!" त्या म्हणाल्या. परंतु पोचे तीन घागरींना होते आणि त्याच घागरीवर दुसऱ्या एका गृहस्थांनीही हक्क सांगितला. फौजदार भले होते. तथापि पुराव्यावाचून ते काय करणार? काकू रिकाम्या हातांनी परतल्या. दुसऱ्याच दिवशी आजीने त्यांची उरलेली भांडी नाव घालणाऱ्याकडे नेली.

मुलांनो, खूण दोन कामे करते. उघड खूण चोराला परावृत्त करते, कारण नाव असलेला माल खपवणे कठीण जाते. पण उघड खूण कानशीने घासून टाकता येते. म्हणून दुसरी खूण सहज न दिसणाऱ्या जागी करावी. मालकी सिद्ध करण्यास ती उपयोगी पडते.

हेच तत्त्व सर्वत्र आढळते. कोकण किनाऱ्यावरील मासेमारी नौकांवर नोंदणीचा क्रमांक ठळक रंगवलेला असतो. मोटारीच्या सांगाड्यावर व इंजिनावर निरनिराळे क्रमांक ठोकलेले असतात. तुमची सायकल उलटी करून पाहा. बहुधा पायडलच्या आसाजवळ, चौकटीच्या खालच्या बाजूस एक क्रमांक सापडेल. प्रत्येक मोबाइल फोनलाही पंधरा अंकी क्रमांक असतो. *#06# ही चिन्हे दाबली की तो पडद्यावर दिसतो. फोन हरवल्यास पोलिसांत तक्रार नोंदवून, मे २०२३ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या 'संचार साथी' या व्यवस्थेत हा क्रमांक कळवता येतो. मग तो फोन देशातील जाळ्यांवर बंद केला जातो.

मात्र हे क्रमांक आधीच वहीत टिपून, पावतीसह घरी जपून ठेवले पाहिजेत. वस्तू गेल्यावर क्रमांक कोठून वाचणार? तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. काकूंच्या घागरीवर चार अक्षरे असती, तर ती त्यांच्या चुलीजवळ परत आली असती.

स्वाध्याय
१. काकूंना घागर परत का मिळाली नाही?
२. उघड व लपलेली अशा दोन खुणा का कराव्यात?
३. आपल्या सायकलीचा क्रमांक शोधून वहीत लिहा.