मिनिकॉयला जाताना जेवणाचं आधी बोला

लक्षद्वीपला निघालात की जो तो सांगतो, तिथं मल्याळम चालते. अगत्ती, कवरत्ती, कल्पेनीत ते खरं आहे. तिथली जेसरी मल्याळमच्याच घरातली. मिनिकॉयचं तसं नाही. नाइन डिग्री चॅनेलच्या पलीकडचं हे बेट मालदीवच्या शेजारचं. घरात बोलतात ती माहल, म्हणजे मालदीवच्या दिवेहीची बोली, आणि ती उजवीकडून डावीकडे थाना लिपीत लिहितात. शाळेतल्या मुलांना मल्याळम, इंग्रजी, थोडंफार हिंदी येतं. चुलीपाशी बसलेल्या आजींना ते येईलच असं नाही, आणि पाहुण्यांचं जेवण बहुधा त्यांच्याच हातचं.

माझ्या बहिणीला माशांची ॲलर्जी आहे, घसा सुजतो. वाटाड्याला हे हिंदीत नीट सांगितलं होतं; त्यानं मान हलवली. दुपारी ताटात खोबरं-कांद्याची कोशिंबीर आली. इथे बांबूच्या गळानं धरलेला टुना उकडून, धुरी देऊन उन्हात वाळवतात. लाकडासारखा टणक झाला की त्याचा चुरा खोबऱ्यात कालवतात. डोळ्यांना तो दिसतच नाही. काही मिनिटांत तिचे ओठ सुजले, आवाज घोगरा झाला. औषध बॅगेत, बॅग दुसऱ्या घरी. शेजारचे निवृत्त खलाशी काका धावून आले. इथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मालवाहू जहाजांवर जातात; या काकांची उमेदीची वर्षं मुंबई बंदरात गेलेली, त्यामुळे हिंदी अस्खलित. कोशिंबिरीत काय होतं ते त्यांनी आजींना विचारलं आणि सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना सांगितलं. संध्याकाळी बहीण सावरली, पण ती दुपार आठवली की अजून माझ्या हाताला कंप सुटतो.

बेटावर परवान्याशिवाय जाता येत नाही. त्याचे कागद जमवतानाच ॲलर्जी, रक्तगट, चालू गोळ्या मल्याळम आणि इंग्रजीत लिहून घ्या. पोहोचल्यावर शाळेतल्या एखाद्या मुलाकडून त्याखाली माहलमध्ये दोन ओळी लिहून घ्या. चिठ्ठी स्वतः स्वयंपाकघरात न्या, मधल्या माणसावर सोडू नका. ‘यात मासा आहे का?’ असं विचारलंत तर संकोचानं काहीही उत्तर मिळेल. त्यापेक्षा ‘यात काय काय घातलंय?’ असं विचारा आणि डबे, बरण्या उघडून दाखवायला सांगा. याचं आजींना वाईट वाटत नाही, उलट त्या हौसेनं दाखवतात. औषध अंगावरच हवं. आणि गावच्या प्रमुखांना, त्यांना तिथे बोडुकाका म्हणतात, पहिल्याच संध्याकाळी भेटून विचारा: हिंदी जाणणारं माणूस कोणत्या घरात आहे, रात्री हाक मारली तर येईल का?