त्वचेचा रंग मिसळताना

रंगांच्या सेटमध्ये 'स्किन' नावाची एक बाटली मिळते. आजोबांचे चित्र काढायला घेतले तेव्हा मी सरळ तीच उघडली. आजोबा सातारा जिल्ह्यातले, निवृत्त सुभेदार, उन्हाने रापलेले. माझ्या कागदावर ते बाहुलीसारखे गुलाबी झाले. रविवारी व्हिडिओ कॉलवर चित्र दाखवले, तर आई म्हणाली, "छान आहे रे, पण हे कोण?"

आजोबा गेल्या वर्षी गेले. आजीकडे त्यांचा एकच चांगला फोटो आहे, तोही ब्लॅक अँड व्हाइट. वर्षश्राद्धाला तिला रंगीत चित्र हवे आहे. म्हणजे रंग मलाच शोधायचा होता.

अमेरिकेत क्रेयोला कंपनीच्या खडूंमध्येही फिकट गुलाबी रंगाला 'फ्लेश' म्हणत. १९६२ मध्ये त्यांनी ते नाव बदलून 'पीच' केले. आपल्या बाटल्यांवरचे नाव अजून तसेच आहे!

आता कृती. यलो ऑकर दोन भाग, बर्न्ट सिएना एक भाग आणि अल्ट्रामरीन निळा ब्रशच्या टोकाला लागेल तेवढाच. निळा कशाला, असे मलाही वाटले होते. पण पिवळा आणि तांबूस मिळून नारिंगीकडे झुकतात, आणि नारिंगीचा भडकपणा त्याच्या विरुद्धचा निळाच मोडतो. रंग गडद करायला काळा वापरू नका. काळा पिवळ्यात मिसळला की शेवाळी हिरवा होतो. माझे पहिले तीन चेहरे त्यातच गेले. गडद सावलीसाठी बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन पुरतात. पांढराही जपून, कारण तो रंग उजळतो तसा थंड आणि खडूसारखाही करतो.

मिसळलेला रंग कागदाच्या पट्टीवर लावायचा, वाळू द्यायचा आणि मग हाताशेजारी धरून पाहायचा. पोस्टर कलरमध्ये फिकट छटा वाळल्यावर थोड्या गडद होतात आणि गडद छटा थोड्या उजळतात, म्हणून ओल्या रंगावर विश्वास नको. ट्यूबलाइटखाली तर मुळीच नको. आजी म्हणते माझा हात आजोबांवर गेला आहे, म्हणून मी पट्टी माझ्याच हाताशी धरली. मग डॉर्मिटरीतल्या सगळ्यांनी हात पुढे केले. केरळचा, मणिपूरचा, हरियाणाचा: रंग तेच, फक्त प्रमाण बदलले. लाइट्स आउट होईपर्यंत दुसरे काही झाले नाही.

पण एकच रंग सगळ्या चेहऱ्याला लावला तर तो मुखवटा दिसतो. कपाळ पिवळसर असते. गाल, नाक आणि कान तांबूस, कारण तिथे रक्त जास्त जाणवते; तिथे थोडा व्हर्मिलियन घालावा. दाढी केलेल्या हनुवटीवर निळसर करडी छटा येते. आणि फौजी माणसाला आणखी एक गोष्ट असते: कपाळावर जिथे टोपी बसते, तिथून वरची त्वचा उजळ. आरशात बघा, आपल्यालाही ती रेघ पडू लागली आहे.

उजेड समजून घ्यायचा असेल तर सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सावळाराम हळदणकर यांचे 'ग्लो ऑफ होप' पाहावे. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. मी फक्त छापील प्रत पाहिली आहे. हातात दिवा घेतलेली स्त्री, आणि ज्योतीवर आडवा धरलेला तिचा दुसरा हात. बोटांच्या कडा लालसर पेटल्यासारख्या दिसतात, कारण उजेड कातडीवर पडून थांबत नाही, थोडा आतून पार होतो. हे जलरंगात केले आहे, आणि जलरंगात उजेड कागदाच्या पांढऱ्यातूनच राखावा लागतो. पुष्कळ लोक हे चित्र राजा रविवर्म्याचे समजतात.

याउलट चंडीगडच्या सेक्टर १० मधल्या संग्रहालयातली पहाडी लघुचित्रे. तिथे त्वचा सपाट एकाच रंगात आहे, कृष्ण तर निळा, आणि तरी कोणी तक्रार करत नाही. पण ती वेगळी शिस्त. माझ्या आजीला आजोबा ओळखू यायला हवेत.

आता मिशी तेवढी उरली आहे. ती पांढरी होती, पण नुसता पांढरा लावला तर कापूस चिकटवल्यासारखा दिसतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा करडा आधी, आणि निव्वळ पांढरा शेवटी, दोन-तीन केसांपुरता.