पॅड तिरके झिजले, मग कॅलिपर बदलायचा का?

प्रश्न : माझ्याकडे पोलो जीटी टीएसआय आहे. चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर काही ट्रॅक डे केले आणि नुकताच ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवरही जाऊन आलो. परतल्यावर पुढची चाकं उघडली, तर आतला पॅड जवळजवळ संपलेला, बाहेरचा अर्ध्याहून जास्त शिल्लक आणि दोन्ही तिरके झिजलेले. शेवटच्या फेऱ्यांत पेडलही खूप खोल जात होतं. गॅरेजवाले सांगतात, चार पिस्टनचे मोठे कॅलिपर बसवून टाका. बसवावेत का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आत्ता नको. तुम्ही तीन लक्षणं सांगितली आहेत आणि त्यांची कारणं वेगवेगळी आहेत. नव्या कॅलिपरने त्यातलं एकच थेट सुटेल.

आधी ब्रेकवर केवढा भार पडतो ते पाहू. बुद्ध सर्किटवर तिसऱ्या आणि चौथ्या वळणामधली सरळ वाट एक किलोमीटरहून थोडी मोठी आहे. तिच्या शेवटी तुम्ही ताशी 160 वरून 60 वर आलात असं धरू. चालक आणि पेट्रोलसकट गाडी 1,200 किलोची. तीन-साडेतीन सेकंदांत साधारण दहा लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते. एवढ्या उष्णतेने खोलीच्या तापमानाचं साडेतीन लिटर पाणी उकळायला लागेल. यातला सुमारे सत्तर टक्के वाटा पुढच्या दोन डिस्कवर जातो. डिस्क सहा किलोची धरली, तर एकाच ब्रेकिंगमध्ये तिचं तापमान सव्वाशे अंशांच्या आसपास चढतं. ती थंड व्हायच्या आत पुढचं वळण येतं. रस्त्यावर ब्रेक मारल्यावर पुष्कळ वेळ वारा मिळतो, ट्रॅकवर तेवढी उसंत नसते. डिस्कमधून पॅडमध्ये, पॅडच्या मागच्या पत्र्यातून पिस्टनमध्ये आणि पिस्टनमधून ब्रेक ऑइलमध्ये अशी ही उष्णता सरकत जाते. तुमची सगळी लक्षणं या वाटेवर कुठे ना कुठे सापडतात.

आतला पॅड संपला आणि बाहेरचा शिल्लक राहिला, हे जवळजवळ नेहमी गाइड पिनचं दुखणं असतं. तुमचा कॅलिपर सरकता आहे, म्हणजे पिस्टन फक्त आतल्या बाजूला. पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर पिनांवरून आत सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिन जाम झाल्या की बाहेरचा पॅड नुसता सोबत राहतो आणि सगळं काम आतल्याच्या गळ्यात पडतं. उष्णतेने पिनांवरचं ग्रीस वाळतं, रबरी बूट कडक होऊन चिरतात आणि त्या चिरेतून पॅडची भुकटी आत जाते. पिना बाहेर काढा. खरवडलेल्या किंवा गंजलेल्या असतील तर नव्या घाला, बूट आणि रबरी बुश नवीन लावा, मगच ग्रीस भरा. ग्रीस सिलिकॉनचं, ब्रेकसाठीच बनवलेलं हवं. आपल्याकडच्या बऱ्याच गॅरेजांत बेअरिंगचं पिवळं ग्रीस बोटाने फासतात. ब्रेकमधलं रबर बहुधा ईपीडीएम जातीचं असतं आणि खनिज तेलाने ते फुगतं. महिन्याभरात पिन पुन्हा अडकते आणि दोष कॅलिपरच्या माथी जातो. हे काम डोळ्यांसमोर उभं राहून करून घ्या.

पिना मोकळ्या असूनही आतलाच पॅड झिजत असेल, तर पिस्टनचं सील पाहा. चौकोनी छेदाची ही रबरी कडी ऑइल रोखून धरते, शिवाय ब्रेक सोडल्यावर पिस्टनला केसभर मागेही खेचते. पिस्टन पुढे जाताना ती पीळ खाते आणि दाब गेला की आपल्या जागी परतते. त्याला वेगळी स्प्रिंग नसते. ट्रॅकच्या उष्णतेत सील कडक झालं की हे परतणं थांबतं, पॅड डिस्कला घासत राहतो, त्याने उष्णता वाढते आणि सील आणखी कडक होतं. गाडी थंड झाल्यावर जॅक लावून चाक हाताने फिरवा. जड फिरत असेल तर कॅलिपर उघडून सील किट बदला. पिस्टनवर खड्डे पडले असतील तर पॉलिश करून तो परत घालू नका. नवीन सील त्या खड्ड्यांवर फार दिवस टिकत नाही.

आता खोल जाणारं पेडल. पाय खोल गेला आणि पेडल स्पंजी लागलं, तर ऑइल उकळलं. पेडल घट्ट राहिलं पण गाडी थांबेना, तर पॅड त्यांच्या तापमानापलीकडे गेले. पहिल्या दाबाला खोल आणि लगेच दुसऱ्या दाबाला ठीक, तर चाकाचं बेअरिंग सैल झालं आहे किंवा डिस्क वाकडी फिरते आहे आणि ती पिस्टनला मागे ढकलते आहे. तुमच्या वर्णनावरून मला पहिल्याचा दाट संशय आहे. डॉट 4 ऑइलचा उकळबिंदू नव्या स्थितीत किमान 230 अंश असावा लागतो. पण हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि 3.7 टक्के पाणी मुरल्यावरच्या चाचणीत मानक फक्त 155 अंशांची अट घालतं. एक पावसाळा काढलेलं ऑइल घेऊन बुद्ध सर्किटवर जाणं धोक्याचं आहे. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. म्हणून पाय खाली जातो आणि ब्रेक लागत नाही. शर्यतीसाठीच्या ऑइलचा उकळबिंदू 300 अंशांच्या वर असतो. ते भरा, प्रत्येक ट्रॅक डेच्या आधी चारही चाकांची एअर काढा आणि वर्षभर तेच ऑइल ओढत बसू नका. ऑइल उकळण्याचा त्रास तसा जुनाच आहे. डिस्क ब्रेकने ज्या शर्यतीत जगाची खात्री पटवली, ती 1953 ची ल माँ. डंकन हॅमिल्टन आणि टोनी रोल्ट यांनी ती डनलॉपचे डिस्क ब्रेक बसवलेल्या जग्वार सी-टाइपमधून जिंकली. त्याआधीच्या चाचण्यांत ऑइल उकळण्याचा त्रास त्या ब्रेकनाही झाला होता.

यानंतर पॅड. रस्त्याचे पॅड ट्रॅकवर भाजून गुळगुळीत होतात. ट्रॅकचे पॅड जास्त तापमान सोसतात, पण थंड असताना त्यांची पकड कमी असते आणि ते किंचाळतात. पुणे ते चेन्नई त्यांच्यावर जायचं की तिथे पोहोचून पॅड बदलायचे, हे तुम्ही ठरवा. मी बदलण्याच्या बाजूने आहे. आणखी एक नियम मी कसोशीने पाळायला सांगतो : ट्रॅकसाठी अर्धा उरलेला पॅड संपला असं समजा. पातळ पॅड पिस्टनपर्यंत जास्त उष्णता पोहोचू देतो, त्यामुळे ऑइलही लवकर उकळतं.

राहिलं तिरकं झिजणं. इथे मात्र तुमचे गॅरेजवाले बरोबर बोलत आहेत. फिरती डिस्क पॅडच्या ज्या टोकाकडून आत येते, ते टोक लवकर झिजतं. शिवाय जोराचा दाब आला की सरकत्या कॅलिपरची बाहेरची बोटं किंचित फाकतात आणि पॅडचा डिस्कच्या बाहेरच्या कडेकडचा भाग जास्त दाबला जातो. ही त्या रचनेची मर्यादा आहे. दोन सेशनच्या मधल्या वेळात पॅडांची अदलाबदल केली तर झीज बरीच सारखी राहते, अर्थात दोन्ही पॅडांचा आकार एकच असेल तर. ऑइल, पॅड, पिना आणि सील नीट केल्यावरही पॅड दर वेळी तिरके होत असतील, तेव्हा चार पिस्टनच्या स्थिर कॅलिपरचा विचार करा.


प्रश्न : चार पिस्टन म्हणजे चौपट दाब ना? मग गाडी कमी अंतरात का थांबणार नाही?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दाब पिस्टनच्या क्षेत्रफळावर ठरतो आणि हिशेबात एकाच बाजूचे पिस्टन धरायचे असतात, कारण समोरची बाजू फक्त तेवढाच प्रतिकार देते. सरकत्या कॅलिपरमधल्या 54 मिलिमीटरच्या एका पिस्टनचं क्षेत्रफळ 22.9 चौरस सेंटिमीटर. चार पिस्टनच्या कॅलिपरमध्ये एका बाजूला 36 आणि 40 मिलिमीटरचे दोन असतील, तर बेरीज 22.7. म्हणजे दाब जवळजवळ तोच! पैसे मोजून मिळतं ते वेगळंच : न फाकणारा ताठ सांगाडा, मोठा पॅड आणि मोठी डिस्क बसण्याची सोय, आणि डिस्क आत येते त्या टोकाला मुद्दाम दिलेला लहान पिस्टन, त्याने पॅड सरळ झिजतो. एका जोरदार ब्रेकिंगचं अंतर टायरची पकड ठरवते. एबीएस सुरू होईपर्यंत तुमचे आत्ताचे ब्रेक चाक दाबू शकत असतील, तर मोठा कॅलिपर ते अंतर कमी करणार नाही. दहाव्या फेरीत पहिल्या फेरीसारखा ब्रेक लागावा, यासाठी तो असतो.

याच कारणासाठी क्षेत्रफळ मूळच्या आसपास ठेवा. ते फार वाढवलं तर मास्टर सिलिंडर तोच असल्याने पेडल लांब होतं आणि ब्रेकचा तोल पुढे झुकतो. पोलोसारख्या मागे ड्रम असलेल्या गाडीत पुढची चाकं आधी पकड सोडतील आणि मागचे ब्रेक जवळजवळ रिकामे राहतील. थांबण्याचं अंतर त्यामुळे वाढूही शकतं.

खरेदीआधी पुठ्ठ्याचा साचा करून तो चाकाच्या आत फिरवून पाहा. डिस्कभोवती जागा दिसते, पण कॅलिपर अडतो तो बहुधा चाकाच्या आऱ्यांना. जुन्या बाजारातून कॅलिपर घेत असाल, तर पॅडचे कान टेकतात त्या ॲल्युमिनियमच्या कडा नखाने चाचपा. तिथे खाच पडली असेल तर पॅड त्यात अडकेल. रंग तपकिरी झालेला कॅलिपर खूप तापलेला असतो, तो सील किट बदलल्याशिवाय लावू नका. लाल रंगाची प्लॅस्टिकची कव्हरं मूळ कॅलिपरवर चढवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, ट्रॅकवर जाण्याआधी ती काढा. कॅलिपरला वारा लागण्याची गरज असते आणि ती कव्हरं तोच अडवतात.

रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत असे बदल करताना मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि विमा कंपनीचं म्हणणं, दोन्ही आधी पाहून घ्या.


प्रश्न : नवीन कॅलिपर बसवले, दोन वेळा एअर काढली, तरी पेडल मऊच आहे. मास्टर सिलिंडर गेला का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : त्याआधी चाकापाशी बसून एअर काढायचा निपल कुठे आहे ते पाहा. तो कॅलिपरच्या सगळ्यात वरच्या टोकाला असायला हवा. खाली दिसत असेल तर डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला आहे. हवा वरच्या कप्प्यात अडकून राहते आणि कितीही पंप केलं तरी निघत नाही. कमी-जास्त व्यासाचे पिस्टन असलेल्या कॅलिपरमध्ये या चुकीने पॅडही जास्तच तिरके झिजतात. दोन्ही बाजू अदलाबदल करून पुन्हा एअर काढा. निपल आत आणि बाहेर असे दोन असतील, तर दोन्ही उघडायचे आहेत, आणि फिटर बहुधा आतला विसरतो.