हिशेब आणि त्याचा चेहरा

वेबवरील कोणत्याही संगणकप्रणालीची दोन अंगे असतात : नियमांचे आणि दर्शनाचे. आकडे कसे काढावयाचे हे पहिले ठरविते. ते कोणत्या शब्दांत दाखवावयाचे, हे दुसरे. वेब येण्यापूर्वीच, १९७९ साली, झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात नॉर्वेचे ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी माहिती, तिचे दर्शन आणि नियंत्रण वेगळे ठेवण्याची पद्धत मांडली.

आपल्या कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या संगणकीकृत कारभाराचा नमुना पुढे राज्यातील इतर नगरपालिकांसाठी स्वीकारला गेला. समजा, अशा एखाद्या प्रणालीत मालमत्ता कराच्या बिलावरील बोजड शब्द बदलावयाचा आहे. आकारणीचे सूत्र आणि शब्द एकाच फाइलीत गुंफलेले असतील, तर सूत्राला धक्का लागेल या भीतीने शब्दाला कोणी हात लावणार नाही. दोन्ही वेगळे असतील, तर प्रोग्रामर सूत्र सांभाळील आणि मराठी जाणणारा शब्द सुधारील. कलाशाखेच्या विद्यार्थ्यालाही येथे काम आहे!

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. ऑनलाइन अर्ज भरावयाचा असला, की आई मलाच हाक मारते. म्हणून ही विभागणी मला केवळ तंत्राची सोय वाटत नाही. हिशेब अचूक हवाच. पण ज्याचा तो आहे, त्याला तो वाचताही आला पाहिजे.