आकृती मुलानेच काढावी

तिसरी-चौथीतलं मूल शाब्दिक उदाहरण घाईघाईने वाचतं, त्यातले आकडे उचलतं आणि विचारतं, "बेरीज करू की वजाबाकी?" ही सवय मोडायला आकृतीसारखा उपाय नाही. पाठकोरे कागद, पेन्सिल आणि मूठभर चिंचोके एवढंच साहित्य लागतं.

हे उदाहरण घ्या: मीराकडे समीरपेक्षा ८ गोट्या जास्त आहेत. दोघांच्या मिळून ३२ आहेत. समीरकडे किती?

आधी ते आकड्यांशिवाय सांगायला लावा. "दोघांकडे गोट्या आहेत, मीराकडे जास्त आहेत, समीरच्या शोधायच्या आहेत." एवढं जमेपर्यंत पेन्सिल हाती द्यायची नाही.

मग आकडे लहान करून चिंचोके मांडा: मिळून १०, मीराचे २ जास्त. दोन ओळी एकाखाली एक, डावीकडून एकाच रेषेत सुरू झालेल्या हव्यात, म्हणजे जास्तीचे २ उजवीकडे उघडे दिसतात.

आता कागद. सुरुवातीला मूल मीराच्या वेण्या काढेल, गोट्या रंगवेल. काढू द्या. पुढच्या वेळी विचारा, "गोटीऐवजी नुसता ठिपका चालेल का?" बत्तीस ठिपके काढायचा कंटाळा आला की पट्टी शिकवायची वेळ आली असं समजा.

सिंगापूरच्या शाळांत १९८० च्या दशकापासून रुजलेली ही पट्टीची रीत मला सगळ्यात उपयोगी वाटते. समीरची आडवी पट्टी काढायची, तिच्यात प्रश्नचिन्ह. खाली तेवढीच मीराची, आणि तिला जोडून एक छोटा तुकडा. त्यात ८ लिहायचे. उजवीकडे दोन्हींना मिळून एक कंस, त्याच्यापुढे ३२. मग छोट्या तुकड्यावर बोट ठेवून विचारा, "हा झाकला तर किती राहतात?" २४. उरलेल्या दोन पट्ट्या सारख्या, म्हणून समीरच्या १२ आणि मीराच्या २०. अनेक मुलं ३२ चे निम्मे १६ करून त्यातून ८ वजा करतात. त्यांना ते उत्तर पट्टीत लिहून बघायला सांगा: समीरच्या ८, तर मीराच्या १६, आणि मिळून फक्त २४. चूक त्यांची त्यांनाच सापडते.

या सगळ्यात मुलाच्या हातातली पेन्सिल काढून घेऊ नका. आपण काढलेली सुबक आकृती मूल नुसती उतरवून घेतं. त्याची चुकली असेल तर "यात मीराच्या जास्तीच्या गोट्या कुठे आहेत?" एवढंच विचारा. मापं तंतोतंत नकोत, मात्र जास्त ते लांब दिसायला हवं.

प्रत्येक उदाहरणाला पट्टीच लागते असं नाही. ६० मीटर रस्त्याच्या एका कडेला, दोन्ही टोकं धरून, दर १० मीटरवर झाड लावायचं असेल तर साधी रेघ पुरते. तोंडी ६ म्हणणारं मूल रेघेवर खुणा करून ७ मोजतं. अपूर्णांकाला पुन्हा पट्टी: दोन पंचमांश संत्री विकून १८ उरली, तर पाचातले तीन भाग म्हणजे १८, एक भाग ६, एकूण ३०.

सराव झाला की उलट खेळा. पट्टी तुम्ही काढा, गोष्ट मुलाला रचू द्या.

शिक्षकांना एक विनंती आहे: उत्तर चुकलं तरी बरोबर आकृतीला गुण द्या, आणि वहीत तिच्यासाठी जागा सोडायला सांगा.