दृष्टिबाधितांचे लॉगिन : यंत्राच्या उंबरठ्यावरील अडचण

स्मरणिकेसाठी शैक्षणिक स्वरूपाचा लेख द्यावा अशी सूचना झाली, तेव्हा आम्ही हा काहीसा रूक्ष विषय मुद्दाम निवडला. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण आज शाळा, ग्रंथालये, बँका व शासकीय कार्यालये सांभाळीत आहेत. तेथील संगणकांवर कोणती सोय असावी आणि कोणती नसावी, हे त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती आहे. दृष्टिबाधित व्यक्तीला संगणक शिकवला, एखादा मोबाइल घेऊन दिला, की आपले कर्तव्य पार पडले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु यंत्र वापरण्याची वेळ येण्यापूर्वी ते उघडावे लागते, आणि पुष्कळांची वाट तेथेच अडते.

दृष्टिबाधित व्यक्ती संगणक वापरते ती 'स्क्रीन रीडर' या आज्ञावलीच्या आधारे. पडद्यावरील मजकूर ही आज्ञावली बोलून दाखवते. वापरणारा माऊसला हात न लावता केवळ कीबोर्डवर काम करतो. पूर्वी अशा आज्ञावली फार महाग होत्या. ऑस्ट्रेलियातील मायकल करन आणि जेम्स तेह या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ मध्ये 'एनव्हीडीए' हा स्क्रीन रीडर तयार करण्यास आरंभ केला आणि तो विनामूल्य दिला. त्याच्या सोबत येणारा 'ईस्पीक' हा आवाज मराठीही बोलतो. बोलणे यांत्रिक आहे, जोडाक्षरांशी त्याचे फारसे सख्य नाही. तरी कानाला एकदा सवय झाली की काम अडत नाही.

मग अडते कोठे? विंडोज सुरू झाल्यावर जो पासवर्डचा पडदा येतो, तो सुरक्षिततेसाठी इतर सर्व कार्यक्रमांपासून वेगळा ठेवलेला असतो. कोणी लबाडाने एखादा कार्यक्रम तेथे बसवून पासवर्ड टिपून घेऊ नये, हा त्यामागील हेतू योग्यच आहे. पण याचा परिणाम असा, की वापरणाऱ्याच्या खात्यात सुरू होणारा स्क्रीन रीडर पासवर्ड दिल्यावरच बोलू लागतो. किल्ली घरात राहावी आणि दार बाहेरून लागावे, तसा हा प्रकार. पडद्यावर कोणाचे नाव आहे, पासवर्डची चौकट समोर आहे की मागच्याचे खाते उघडे राहिले आहे, यांपैकी काहीच कळत नाही.

यावर उपाय आहे आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. एनव्हीडीए संगणकावर रीतसर स्थापित केला असेल, तर त्याच्या सर्वसाधारण सेटिंगमध्ये 'साइन-इनच्या वेळी सुरू व्हावे' या अर्थाचा एक पर्याय असतो. त्यावर खूण केली की आवाज थेट पासवर्डच्या पडद्यापासून सोबत येतो. त्याच ठिकाणी एक बटण आहे. ते दाबल्यास विद्यार्थ्याने निवडलेला आवाज व बोलण्याची गती याही गोष्टी त्या पडद्यावर लागू होतात. मात्र हे बटण दाबण्यापूर्वी परकी ॲड-ऑन काढून टाकावीत, कारण त्या पडद्यावर चालणाऱ्या आज्ञावलीला फार मोठे अधिकार मिळतात. ज्या संगणकावर एनव्हीडीए नाही, तेथे अलीकडच्या विंडोजमध्ये विंडोजचे बटण, कंट्रोल आणि एंटर ही तीन बटणे एकत्र दाबल्यास 'नॅरेटर' हा विंडोजचा स्वतःचा वाचक पासवर्डच्या पडद्यावरही बोलू लागतो. ज्यांना थोडे दिसते त्यांच्यासाठी उजव्या कोपऱ्यातील सुगम्यतेच्या चिन्हाखाली भिंग आणि ठळक रंगसंगती मिळते.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. एनव्हीडीएच्या त्या पर्यायावर खूण करण्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात. शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा कार्यालयात ते विद्यार्थ्याकडे वा कर्मचाऱ्याकडे नसतात. म्हणजे ज्याला गरज आहे त्याला ती सोय स्वतः करून घेता येत नाही, आणि ज्याला करता येते त्याला तिची गरज कधी जाणवलेली नसते. हा लेख आम्ही मुख्यतः या दुसऱ्या माणसासाठी लिहीत आहोत.

आवाज मिळाला तरी काही खाचखळगे उरतात. पासवर्ड टंकताना अक्षराऐवजी 'तारा' किंवा 'ठिपका' एवढेच ऐकू येते. म्हणून टंकन बोटांच्या स्मरणावर पक्के असावे लागते. एफ आणि जे या बटणांवरील उंचवटे तसेच अंकपट्टीवरील पाचाचा उंचवटा यांची ओळख पहिल्या धड्यातच करून द्यावी. आपल्याकडे आणखी एक अडचण हमखास येते. संगणकावर मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड बसवलेला असेल आणि पासवर्डच्या पडद्यावर तोच चालू राहिला असेल, तर अचूक टंकलेला इंग्रजी पासवर्डही नाकारला जातो. डोळस माणूस कोपऱ्यातील भाषेची खूण पाहून चूक ओळखतो. न पाहणारा स्वतःच्या स्मरणशक्तीवर संशय घेऊ लागतो! विंडोजचे बटण व स्पेस दाबून कीबोर्ड बदलता येतो, हे त्याला आधीच सांगून ठेवावे.

मोबाइलच्या बाबतीत वाटचाल बरीच पुढे गेली आहे. आयफोनमध्ये २००९ पासून 'व्हॉइसओव्हर' आहे, अँड्रॉइडमध्येही त्याच वर्षी 'टॉकबॅक' आला. तरीही अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्यांत सर्व साठवण एकाच कुलपाखाली ठेवलेली असेल, तर मोबाइल बंद करून पुन्हा चालू केल्यावर पासवर्ड दिल्याशिवाय टॉकबॅकही जागा होत नसे. गजर वाजत नसे, फोन येत नसे. २०१६ मधील सातव्या आवृत्तीत फाइलनिहाय कुलपांची रचना आली आणि त्या पद्धतीच्या मोबाइलवर हा दोष दूर झाला. सुरक्षितता व सुगम्यता यांपैकी एकीचा बळी द्यावाच लागतो असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. येथे कुलूप सैल केले गेले नाही, त्याची जागा तेवढी बदलली.

मोबाइल कशाने उघडावा, याबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. नऊ ठिपक्यांची नक्षी दृष्टिबाधितांसाठी गैरसोयीची. बोटाचा ठसा उत्तम, त्यातही हाताला लागणाऱ्या कडेच्या बटणावरचा. काचेखालचा संवेदक चाचपून सापडत नाही. चेहऱ्याने उघडणारा आयफोन सामान्यतः डोळे त्याच्याकडे लागले आहेत का हे तपासतो. व्हॉइसओव्हर चालू ठेवून मांडणी केल्यास ही अट आपोआप सुटते. सोय होते खरी, पण झोपेतही कोणी चेहऱ्यासमोर मोबाइल धरू शकेल, हे घरच्यांनी त्या व्यक्तीला सांगावे व निर्णय तिच्यावर सोडावा. आणि काहीही निवडले तरी मोबाइल पुन्हा सुरू झाल्यावर पिन द्यावीच लागते. तेव्हा अंक मोठ्याने बोलले गेले तर शेजाऱ्याला कळतात, नाही बोलले तर ज्याचे त्यालाच कळत नाहीत. एका कानातला इअरफोन हा त्यावरचा साधा इलाज.

पालकांना आमची एक कळकळीची विनंती आहे. 'पिन मला सांग, मी उघडून देतो' हे वाक्य प्रेमातून येते. पण मदत आणि किल्ली या दोन भिन्न वस्तू आहेत. पत्र वाचून दाखवणाऱ्याला एका पत्रातला मजकूर कळतो, तर पिन जाणणाऱ्याला बँकेतील शिल्लक, मैत्रिणीचा निरोप, दवाखान्याचा अहवाल असे सारेच उघडे होते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला, ती पाहू शकत नाही एवढ्याच कारणाने, स्वतःचे असे काहीच गुपित ठेवता येऊ नये, हे आम्हांस योग्य वाटत नाही.

संकेतस्थळांच्या दारातील 'कॅप्चा' हा तर निराळाच जाच आहे. वाकडीतिकडी अक्षरे ओळखून आपण यंत्र नसल्याचे सिद्ध करा म्हणतात, आणि बोलणारा पर्याय नसेल तर दृष्टिबाधित माणूस यंत्राच्या रांगेत जाऊन बसतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये माहिती व संपर्क तंत्रज्ञान सर्वांना वापरता येईल असे करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याहून पुढचे पाऊल टाकले. ऑनलाइन ओळख पटवताना 'डोळे मिचकावून दाखवा' ही अट ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व दृष्टिहीन नागरिकांना पाळता येत नाही, अशी तक्रार न्यायालयापुढे आली होती. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने मान्य केले आणि डोळे मिचकावण्याला पर्यायी पद्धती स्वीकारण्याचेही निर्देश दिले. निकालाचा हा आधार घेऊन बँकेच्या शाखेत लेखी अर्ज देता येतो.

आपल्या शाळेतील वा कार्यालयातील संगणक तपासण्याची रीत सोपी आहे. मॉनिटर बंद करावा, माऊस काढून ठेवावा, संगणक सुरू करावा आणि केवळ ऐकून आत जाता येते का ते पाहावे. तत्पूर्वी स्पीकर जोडलेला आहे ना, आणि त्याचा आवाज कोणी शून्यावर नेऊन ठेवलेला नाही ना, एवढे मात्र पाहून घ्यावे. कित्येक ठिकाणी सर्व मांडणी बिनचूक असते आणि स्पीकर कपाटात असतो.