तेरच्या वाटा आणि तेरची माणसे : परिसर अभ्यासाचा एक पाठ

प्राथमिक शाळेत गावाची माहिती शिकविताना ‘दळणवळण’ आणि ‘गावातील थोर व्यक्ती’ हे दोन भाग बहुधा वेगवेगळ्या दिवशी घेतले जातात. एके दिवशी सडक, एस. टी. थांबा व रेल्वे स्थानक यांची नावे फळ्यावर लिहिली जातात. दुसऱ्या दिवशी दोन-चार थोरांची नावे पाठ करून घेतली जातात. मुलांच्या हाती यादी येते, गाव येत नाही. माणसे वाटेने येतात, वाटेने जातात आणि त्यांची कीर्तीही वाटेनेच पसरते, हे ध्यानी घेतल्यास दोन्ही भाग एकाच पाठात बसतात. धाराशिव जिल्ह्यात यासाठी तेरइतके सोयीचे गाव दुसरे नाही.

तेर हे धाराशिवच्या ईशान्येस सुमारे २० किलोमीटरांवर, तेरणा नदीच्या काठी वसले आहे. त्याचे प्राचीन नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोच बंदराच्या व्यापाराचे वर्णन आहे. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर असून, तेथील कापड गाड्यांतून बिकट मुलखामधून भडोचला येते, असे त्यात म्हटले आहे.

येथे शिक्षकांनी घाई करू नये. नकाशावर दोरा धरून मुलांना अंतर मोजू द्यावे. पैठण ते तेर हे सरळ अंतर सुमारे १५० किलोमीटर भरते. दहा दिवसांनी भागल्यास रोजची मजल १५ किलोमीटर येते. भडोच ते पैठण सुमारे ३५० किलोमीटर, म्हणजे वीस दिवसांच्या हिशेबाने रोजची मजल साडेसतरा. प्रत्यक्ष वाट वळणाची असल्याने चाल याहून थोडी अधिक पडली असणार. भरलेली बैलगाडी दिवसभरात किती चालते, हे मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून यावे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या परदेशी लेखकाची साक्ष गावातील आजोबांच्या अनुभवावर तपासता येते, ही गोष्ट वर्गाला विशेष रुचते. दिशा मात्र ग्रंथात पूर्व दिली आहे, नकाशावर ती आग्नेय दिसते; हा फरक चतुर विद्यार्थी दाखवील, तेव्हा तो लपवू नये. तगर म्हणजे दौलताबाद, तगर म्हणजे जुन्नर, असेही तर्क पूर्वी झाले होते. तगर म्हणजे तेर हे मत फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले. पुढे १९५८ मध्ये व नंतरही येथे उत्खनने झाली. त्यांतून सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली आणि कापड रंगविण्याची टाकीही आढळली.

तगरचे नाव केवळ मालाबरोबर गेले नाही. कोकणात व कोल्हापूर भागात राज्य करणारे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. गाव मागे राहिले, तरी त्याचे नाव अभिमानाने मिरविले गेले.

संत गोरा कुंभार हे तेरचेच. त्यांची समाधी येथे आहे. ज्ञानेश्वर, नामदेव आदी संतांचा मेळा गोरोबाकाकांच्या घरी जमला आणि काकांनी थापटण्याने ‘मडकी’ पारखली, ही कथा मुलांना घरीच ठाऊक असते. तीत नामदेव कच्चे ठरले आणि पुढे गुरूच्या शोधात औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले. पंढरपूर, तेर, औंढा ही तीन स्थळे जोडून दाखविली की भक्तीची वाट नकाशावर उमटते. मात्र उत्खननातील वस्तू हा पुरावा आहे आणि ही कथा परंपरा आहे. दोहोंचा मान राखावा, पण एकाच रंगाच्या खडूने दोन्ही लिहू नयेत.

तिसरे नाव रामलिंगप्पा लामतुरे यांचे. पावसाळ्यानंतर तेरच्या शेतांत मणी, नाणी, खापरे व मातीच्या मूर्ती वर येत. इतरांस निरुपयोगी वाटणाऱ्या या हजारो वस्तू त्यांनी जपून ठेविल्या. आज गावातील शासकीय वस्तुसंग्रहालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्या संग्रहातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीसारखी एक मूर्ती इटलीत, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात सापडली आहे. लामतुरे यांनी संग्रह केला नसता, तर तेरच्या वाटेचे हे दुसरे टोक दाखविणे कठीण झाले असते.

अर्वाचीन दळणवळण थोडक्यात घ्यावे. बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी रूळमार्ग १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीस आणि १९११ पर्यंत लातूरला पोहोचला. तो येडशी-ढोकीवरून गेला. जिल्ह्याचे ठाणे असलेले धाराशिव बाजूस राहिले. रुंदीकरणाच्या वेळी मार्ग वळविल्यावर, २००७-०८ मध्ये, ते लोहमार्गावर आले. रूळ कोठून गेले आणि बाजार कोठे वाढला, हा प्रश्न वरच्या वर्गांना अवश्य द्यावा.

अन्य गावांच्या शिक्षकांनी तेरची माहिती पाठ करून घेऊ नये. रीत तेवढी उचलावी. आपल्या गावची सर्वांत जुनी वाट कोणती, तिच्यावरून कोण आले, कोण गेले, हे मुलांनी विचारून लिहावे. नकाशा रंगविण्यातच तास संपतो, असा पुष्कळ ठिकाणचा अनुभव आहे. रंग घरी भरावेत.

तेर परिसरातील शाळांची जबाबदारी अधिक आहे. मुले आजही खिशातून मणी घेऊन येतात. असा मणी घासून स्वच्छ करू नये व तो कोणास विकू देऊ नये. कोणाच्या शेतात, किती खोलीवर, कोणत्या दिवशी व कोणास सापडला, हे चिठ्ठीवर लिहून ती मण्याबरोबर पाकिटात घालावी आणि पाकीट संग्रहालयात पोहोचते करावे. चिठ्ठी ज्याला मणी सापडला त्या मुलानेच लिहावी.